विकतची राखण

फुकटचा की विकतचा, यावरून मर्चंड्यांच्या घरात चार दिवस भांडण चाललं आणि ते भांडण सिताराम मर्चंडे जिंकले. हरले असते तर बरं झालं असतं.

भांडण अँटिव्हायरसचं होतं. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे जागा मिळणार नाही.

कोपरखैरण्याच्या सिडकोच्या घरात, टीव्हीच्या बाजूला, एक जुना कंप्युटर होता. त्यांची मुलगी राजश्री एका शाळेच्या ऑफिसात कामाला, तिथे मोडीत काढलेला तिने घरी आणला होता. वर प्लास्टिकचं कव्हर, आणि त्या कव्हराखाली नऊ माणसं. म्हणजे नऊ माणसांच्या जबान्या. बोलताना काढलेले व्हिडिओ.

ही नऊ माणसं पावणे गावच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत तीन नंबर शेडमध्ये पावडर चाळायची. सगळी ठेकेदाराची. चाळायची, पोत्यात भरायची, पोती शिवायची. पिवळा चालू असला की त्या दिवशी थुंकी पिवळी, लघवी पिवळी, बायकोने बनियन धुतला की पाणी पिवळं. लाल चालू असला की लाल. पंधरावीस वर्षांनी एकेकाला लघवीतून रक्त जायला लागलं, आणि तेव्हा शेडमध्ये लाल चालू नव्हता. डॉक्टर म्हणाले मूत्राशयात गाठ. कंपनी म्हणाली, ही माणसं आमच्याकडे कधी नव्हतीच. ठेकेदार केव्हाच दुकान गुंडाळून गेलेला. हजेरीचं बुक वाळवीने खाल्लं असं कंपनीने लिहून दिलं. वाळवीला पण काय नेमकी चव असते बघा.

सिताराम त्याच कंपनीत गेटवर टाइमकीपर होते, कायम नोकरीवाले. तीस वर्षं त्यांनी या माणसांना आत जाताना पाहिलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी एकेकाला घरी बोलावलं, चहा पाजला, राजश्रीच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. शेडला दरवाजे किती, चाळण कुठल्या भिंतीला, पिंपावर काय लिहिलेलं असायचं, कोण साहेब नाकाला रुमाल लावून दारातूनच शिव्या द्यायचा. केस चालवणाऱ्या वकीलबाई, सुनीती, म्हणाल्या होत्या, "काका, हाच पुरावा. आत गेल्याशिवाय हे कुणाला माहीत असणं शक्य नाही." नऊ जणांतले सहा त्यानंतर मेले.

बोलायच्या आधी प्रत्येकाने सितारामांकडून शब्द घेतला होता. कुणाचा पोरगा, कुणाचा भाचा त्याच एमआयडीसीत पोट भरत होता. "दादा, हे वॉट्सपवर फिरलं तर आमची पोरं रस्त्यावर." सितारामांनी शब्द दिला की कोर्टाच्या टेबलावर जाईपर्यंत हे घराबाहेर पडणार नाही. म्हणून फोनमधून पुसून टाकलं. पुढे तो फोनही बदलला. नेटवर चढवलं नाही. वकीलबाईंनासुद्धा नक्कल दिली नाही, तारखेच्या आदल्या दिवशी देतो म्हणाले. एक पेनड्राइव्ह केला होता, तो हरवू नये म्हणून कंप्युटरच्याच मागे खोचून ठेवला. कंपनीत डुप्लिकेट मस्टर पण मूळ मस्टरच्याच कपाटात असायचं. तीस वर्षांची सवय.

तर एवढ्या ऐवजाला राखणदार कुठला, हे ते भांडण.

"पप्पा, फुकटचा पुरतो," राजश्री म्हणाली होती. "विंडोजबरोबर येतो तो पण पुरतो. आमच्या ऑफिसात तोच आहे. फक्त अपडेट चालू ठेवायचं."

"फुकट कोण देतं गं? कशाला देतं?"

"देतात. कंपन्यांचं गणित असतं त्यात."

"कंपन्यांचं गणित मला नको सांगूस."

आणि मग गुळाचं निघालं. ते निघणारच होतं. तीन नंबरवाल्यांना कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची. गूळ खाल्ला की पावडर छातीत बसत नाही म्हणे. वाटायचं काम गेटवर सितारामांकडे. एकदा पोरांनी मास्क मागितले, तेव्हा साहेब म्हणाला, मास्क विकत आणावे लागतात, गूळ मिळतोय ना? "तो गूळ मी माझ्या हाताने वाटलाय, राजू," सिताराम म्हणाले. "फुकटची राखण ज्याला देतात ना, त्याचं मरण स्वस्त असतं. ह्या नऊ जणांना मी परत गुळावर ठेवणार नाही. विकतचाच आणायचा. पूर्ण पैसे मोजून."

भांडण तिथे संपलं.

विकतचा कुठून आणायचा याचा विचार करावा लागला नाही. चंद्रशेखर होता. एकेकाळी कंपनीच्या स्टोअरला क्लार्क. लवकर नोकरी सोडून तुर्भ्याला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलेला. आपला माणूस. दुकानातल्या फळीवरून त्याने चकचकीत डबा काढला, वर चमकणारा शिक्का. घरी येऊन स्वतः बसवून दिला. कंप्युटरमध्ये आधीपासून होता तो अँटिव्हायरस त्याने बंद केला. "एका गेटवर दोन वॉचमन ठेवले की आपसात भांडतात, दादा." रिकामा डबा सितारामांच्या हातात दिला आणि म्हणाला, "एकच पथ्य. हा अपडेट मागेल. द्यायचा नाही. नको म्हणायचं. अपडेट केलं की डब्यातल्या नंबराची चावी लॉक होते. वर्षातून एकदा मी येईन, ताजं करून जाईन. काय ठेवलंय एवढं?"

"लग्नाचे फोटो," सिताराम म्हणाले. शब्द दिलेला होता ना.

तीन वर्षं त्यांनी पथ्य पाळलं. रोज सकाळी तो आतला राखणदार हात पसरून अपडेट मागायचा आणि रोज सिताराम त्याला नको म्हणायचे. राजश्रीने एकदा विचारलं, "पप्पा, पैसे भरलेल्याला अपडेट देऊ नका, असं कोण सांगतं?" ते म्हणाले, "त्याला जास्त कळतं का तुला?" तिने विषय सोडला. नंतर तिने स्वतःला बोल लावून घेतले, पण सोडला तो सोडलाच.

शनिवारी चंद्रशेखर येऊन वर्षाचं ताजं करून गेला. चहा प्याला, पोहे खाल्ले, पैसे घेतले. गुरुवारी कोर्टाची तारीख होती.

सोमवारी सकाळी सितारामांनी बाळारामची जबानी लावायला घेतली. बुधवारी द्यायच्या आधी एकदा सगळ्या बघून घ्याव्यात म्हणून. बाळाराम उघडला नाही. चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद, नावाच्या शेपटीला चार अनोळखी अक्षरं. दुसरा उघडला, तसंच. तिसरा, तसंच. नवव्यापर्यंत सगळे तसेच.

राजश्री डबा भरत होती, ती हात पुसत आली. एक इंग्रजी चिठ्ठी पडद्यावर येऊन पडली होती. तिने वाचली, परत वाचली.

"काय म्हणतो?"

"तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्यात. डॉलरमध्ये पैसे भरा, मग चावी देतो."

"कोण आम्ही?"

"नाव नाहीये, पप्पा."

"ज्याला नाव नाही, तो चावी देईल हे कशावरून?"

तिने मागचा पेनड्राइव्ह काढून परत लावला. त्यातही नऊ पांढरे कागद. खाली कोपऱ्यात अँटिव्हायरसचं हिरवं चिन्ह शांतपणे चमकत होतं. तुमचा कंप्युटर सुरक्षित आहे.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा वरद आला. ऐरोलीला एका मोठ्या ऑफिसात हेच काम करणारा, तिशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. तासभर तो खुर्चीत बसून होता. मग त्याने चष्मा काढला.

"काका, रागावू नका. हा पैसे भरलेला नाहीये. चोरीचा आहे. कुलूप तोडून वापरतात, त्याला क्रॅक म्हणतात."

"डबा आहे आमच्याकडे."

"डबा खरा असेल. त्यातली चावी कुठल्या तरी दुसऱ्याच घरात केव्हाच वापरलेली असणार."

"पण हिरवं चिन्ह आहे ते?"

"ते चित्र आहे. गेटवर खुर्ची आहे, खुर्चीवर वॉचमनची टोपी ठेवलीय. वॉचमन नाहीये. तीन वर्षं नव्हता. आणि शनिवारी त्याने जे नवीन टाकलं ना, बहुतेक त्याच्याच पोटातून हे आत आलं."

सितारामांनी मग विचारलं ते नको तेच. "फुकटचा असता तर?"

वरदने राजश्रीकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? मला सांग."

"फुकटचा असता आणि अपडेट चालू असतं, तर शनिवारीच ओरडला असता, काका. शंभर टक्के नाही सांगत. पण ओरडला असता बहुतेक."

"आणि आता उघडायचं कसं?"

"ह्या व्हायरसच्या काही जुन्या जातींवर तोड निघालीय. मी तपासलं. ह्या जातीवर नाही. पैसे भरले तरी उघडतीलच असं नाही. डिस्क तशीच काढून ठेवा. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी निघालीच तोड तर..."

"गुरुवारी तारीख आहे," राजश्री म्हणाली.

वरद उठला. दारात चप्पल घालताना तो सॉरी म्हणाला. ज्याचा काडीचा दोष नाही तोच सॉरी म्हणतो, हे सितारामांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

मंगळवारी ते तुर्भ्याला गेले. चंद्रशेखर एका लॅपटॉपचं पोट उघडून बसला होता.

"या दादा, या. चहा सांगू?"

सितारामांनी रिकामा डबा काउंटरवर ठेवला. "ह्यात काय होतं?"

चंद्रशेखरने डब्याकडे पाहिलं, दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "काय झालं? लटकला काय?"

"सगळं गेलं. माझं शनिवारपर्यंत सगळं होतं. तू आलास आणि गेलं."

"दादा, खरं सांगू का? अख्खी पब्लिक हेच वापरते. तुर्भ्यापासून उरणपर्यंत जाऊन बघा. ओरिजिनल टाकलं तर माझ्या हातात काय उरतं? लाइटबिल पण निघत नाही."

"मी घासाघीस केली का कधी? तीन वर्षं तू सांगितली तेवढी रक्कम दिली."

"नाही केली. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"तुमी पक्कं बिल नाही मागितलं, दादा."

"अरे, आपल्या माणसाकडे बिल मागायचं?"

"तेच तर सांगतोय." चंद्रशेखर स्क्रू ड्रायव्हर बोटांत फिरवत राहिला. त्याला खरोखरच वाटत होतं की तो काहीतरी समजावून सांगतोय. "बाहेरचा गिऱ्हाईक बिल मागतो, चेक करतो, भांडायला येतो, त्याला ओरिजिनल द्यावंच लागतं. आपला माणूस कुठे चेक करतो?"

सितारामांनी डबा त्याच्यासमोर सरकवला.

"बाळाराम होता त्याच्यात."

"कोण बाळाराम?"

"तीन नंबरचा. तुझ्या स्टोअरमधून पिंपं गडगडवत न्यायचा तो. हसुराम होता. नऊ जण होते. त्यांच्या जबान्या होत्या, चंदू. परवा कोर्टात द्यायच्या होत्या."

चंद्रशेखरचा चेहरा पांढरा पडला, हे खरं. तो काही राक्षस नव्हता. राक्षस असता तर सोपं झालं असतं. "लग्नाचे फोटो म्हणालात तुमी मला," तो म्हणाला. "दादा, मला सांगायचं तरी. मी आईशप्पथ ओरिजिनल टाकला असता."

"म्हणजे लग्नाचे फोटो गेले तर चालतं?"

चंद्रशेखरने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"बरं, ते सोड. तू स्टोअरला होतास. पिंपं कुठल्या शेडला जायची, कोण न्यायचं, तुला माहितीये. परवा कोर्टात चल. तेवढंच सांग."

"दादा..." चंद्रशेखरने परत गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "कंपनीचं मेंटेनन्सचं काम माझ्याकडे आहे. चाळीस मशिनी आहेत त्यांच्या. त्याच्यावर दुकान चालतं."

"तिथे कुठला टाकतोस?"

"तिथे ओरिजिनल. तिथे ऑडिट असतं, दादा."

तीन वर्षांचे पैसे परत करायला त्याने गल्ला उघडला. सिताराम डबा तिथेच टाकून बाहेर पडले. ट्रकांच्या धुरात उभे राहून त्यांनी वकीलबाईंना फोन लावला.

सुनीतीबाई चिडल्या नाहीत, आणि त्याचीच सितारामांना जास्त भीती वाटली. "काका, मी तुमच्याकडे नक्कल मागत होते," एवढंच एकदा म्हणाल्या. मग कामाचं बोलल्या. तारीख पुढे मागून मिळणार नाही, आपण तीनदा मागितलेली आहे. सितारामांचं प्रतिज्ञापत्र आहे, पण कंपनीचा वकील विचारणार, तुम्ही गेटवर होता, शेडच्या आत कधी गेलात का? "गेलात का काका?"

"नाही."

"मग आत गेलेला एक माणूस हवा. जिवंत. तिघं आहेत ना अजून?"

तिघांतला एक आपल्या गावी उत्तरेत निघून गेला होता, त्याचा नंबर आता कुणी तरी बाईच उचलायची आणि राँग नंबर म्हणायची. दुसरा त्याच एमआयडीसीत सिक्युरिटीच्या नोकरीला लागला होता. त्याने सितारामांचा आवाज ओळखला आणि फोन ठेवला. उरला आप्पा.

घरी आले तर चांगुणाबाई येऊन बसलेली. बाळारामची बायको. दोनतीन महिन्यांनी एकदा ती यायची, नवऱ्याची जबानी लावायला सांगायची, आणि पहिली पाच मिनिटं बघून पुरे म्हणायची. आज तिला कोर्टात काय नेसून यायचं ते विचारायचं होतं. राजश्रीने तिला अजून सांगितलेलं नव्हतं. सितारामांनी सांगितलं. चपलाही न काढता, उभ्या उभ्या, एका दमात.

चांगुणाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेला मंजे? कुटं गेला?"

"आहे तिथंच आहे. पण उघडत नाही. कुलूप घातलंय कुणीतरी."

"कोनी?"

"माहीत नाही, वहिनी."

"मी बोललेली तुमाला. माझ्या सुनेच्या मोबाईलात द्या म्हटलं, मना रोज बगता येईल. तुमीच बोललात, नको, हितं जपून हाय."

"बोललो होतो."

तिने पदराने चेहरा पुसला, रडण्यासाठी नाही, घाम होता म्हणून. "त्यांनी एवढा दम लागत असतानी बोलून ठेवलान. पानी पिऊन पिऊन बोलत होते. आता मी काय सांगू त्या कोर्टवाल्याला? मी कुटं आत गेलेली?" चहा न घेता ती उठली. राजश्री तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. सिताराम मागे एकटे राहिले आणि त्यांनी कंप्युटरचं बटण दाबून तो बंद केला. उगाच. बंद केल्याने आतल्या माणसांना काही आराम पडणार होता असं नाही.

बुधवारी शाळेतून अर्धी रजा टाकून राजश्री बापाबरोबर पावण्याला गेली. आप्पा तिथलाच. गावाच्या चारी बाजूंनी कारखाने, मधे गाव. ज्या शेडमध्ये आप्पाने अठरा वर्षं पावडर चाळली, ती शेड त्याच्या बापाच्या शेतावर उभी होती. आधी जमीन घेतली, मग त्याच जमिनीवर रोजाने बोलावलं, मग शरीर घेतलं. क्रमवार. पद्धतशीर. चार वर्षांपूर्वी तो सितारामांच्या घरी दोन तास बोलला होता आणि सगळ्यात बारीक तपशील त्याचाच होता, कारण शेडची कुठली भिंत कुठल्या बांधावर आहे ते त्याला माहीत होतं.

आप्पा ओट्यावर खुर्चीत बसला होता. निम्मा राहिलेला. लुंगीच्या खालून एक नळी निघून बाजूच्या पिशवीत गेलेली. सून स्मिता कपडे वाळत घालत होती.

"ये रं सिताराम. पोरीला पन आनलास? बस गो बाय."

सितारामांनी सगळं सांगितलं. आप्पा मान डोलवत ऐकत राहिला.

"मंग तुज्या मशीनला राखन नव्हती?"

"होती. विकतची होती."

"आनि तरी?"

"तरी."

आप्पा हसला. हसताना त्याला पोट धरावं लागलं. "तुजा पन ठेकेदारानंच घात केलान मंग."

"आप्पा, परत एकदा बोल. दहाच मिनिटं. आणि उद्या कोर्टात चल, गाडी करतो मी. तुला उचलून नेतो."

स्मिता चिमटे तोंडात धरून उभी होती, तिने ते काढले. "काका, चहा ठेवते," ती म्हणाली, पण हलली नाही.

"सिताराम, त्या दिशी तुज्याकडं बोललो ना," आप्पा म्हणाला, "तवा मना झोप लागली. किती वरसांनी. मना वाटलं, झालं, आता दिलं सिताराम्याकडं, आता माजं काम सरलं. परत तां सगलं पोटातून काढू?"

"काढ. तुझ्याशिवाय कुणी उरला नाही."

"माजं आपरेशन झालं दिवालीच्या आदी. म्हाईत हाय तुला?"

"कळलं होतं."

"बिल कोनी भरलं तां कळलं?"

सितारामांना कळलं नव्हतं. पण आता, स्मिता जशी खाली मान घालून उभी होती, त्यावरून कळलं.

"कंपनीचा साहेब घरी आलता," स्मिता म्हणाली. "माणुसकी म्हणून देतो म्हणाला. गावातला माणूस आहे म्हणून. दोन कागदांवर मामांची सही घेतली. आम्ही काय करायचं होतं, काका? रक्त थांबत नव्हतं. तुमची केस चालू होती, पण केसमधून हॉस्पिटलात काही जात नव्हतं ना."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. केस चालू होती सहा वर्षं.

राजश्रीने फोन काढून ओट्याच्या कठड्यावर उभा करून ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू करून. बापाने गाडीतच तसं सांगून ठेवलं होतं, आप्पा बोलायला लागला की एक शब्द जायला नको. आप्पाचं लक्ष त्या फोनकडे गेलं. तो खुर्चीत जरा सरळ झाला. लुंगी नीट केली, पिशवी पायाआड सरकवली. फोटो काढताना माणूस होतो तसा. सितारामांनी पुढे सरकून विचारलं, कोर्टात विचारतात तसं, पूर्ण नाव घेऊन. आणि मग, "तीन नंबर शेडला दरवाजे किती होते?"

आप्पाने फोनकडे बघतच सांगितलं, स्पष्ट, खणखणीत, एवढ्या आजारात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

"म्हाईत नाय. मी तीन नंबरात कदी नव्हतो."

स्मिता आत गेली. चूल नव्हती की धूर नव्हता, पण आतून खोकल्यासारखा आवाज आला.

"आप्पा," सिताराम म्हणाले.

"कदीच नव्हतो. लिवून दिलेला हाय मी." त्याने नजर फोनवरून काढली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्याने हात वर केला नाही, हात मांडीवर ठेवलेले तसेच राहिले. "जा आता. पोरीला ऊन लागंल."

रस्त्यावर आल्यावर दोघं एका बंद गाळ्याच्या सावलीत थांबले. समोरून टँकर जात होते, एकामागोमाग. राजश्रीने फोन हातात धरला होता. मघाची चार मिनिटं त्यात होती. नऊ जणांच्या जागी आता एवढंच एक होतं, नीट ऐकू येणारं, चेहरा स्वच्छ दिसणारं, कुणाच्याही कंप्युटरवर सहज उघडणारं. कंपनीच्या वकिलाने फ्रेम करून लावावं असं.

"ठेवू की पुसू, पप्पा?"

वकीलबाईंना काय सांगायचं, चांगुणाबाईला उद्या कुठे उभं करायचं, यातलं काही सितारामांच्या डोक्यात नव्हतं. तिथे फक्त आप्पाने पायाआड सरकवलेली ती पिशवी होती.

"पूस," ते म्हणाले.

फोनने एकदा विचारलं, नक्की का. तिने हो म्हटलं.

"नीट गेलं ना?"

"गेलं."

"परत बघ. कुठे उरलं नाही ना?"

राजश्रीने फोन त्यांच्यासमोर धरला. यादीत काहीच नव्हतं. सितारामांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि त्या कोऱ्या पडद्याकडे, एकेक ओळ वाचत असल्यासारखे, ते वरपासून खालपर्यंत बघत राहिले.